लाथेचं औषध

मी पायाळू आहे, म्हणजे डोक्याऐवजी पायांनी जन्माला आले. "बया लाथा झाडतच आली," असं सुईण म्हणाली होती म्हणे. पुढे जन्मभर तेच चाललंय, असं माझा नवरा म्हणतो. त्याला बोलायला काय जातं!

पायाळू माणसाला विजा कडाडत असताना बाहेर सोडत नाहीत. जमिनीत पुरलेलं धन त्याला दिसतं, असंही म्हणतात. मला घरातली कात्री सापडत नाही. पण पायाळूचा खरा उपयोग लाथेसाठी. कोणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे वाकताना किंवा काही उचलताना अशी चमक बसली की माणूस तिथल्या तिथे अडकला, तर पायाळूने त्याच्या पाठीत लाथ घालायची. उसण पळते. अंधेरी पूर्वेला टेकडीवर आमची चाळ होती आणि चाळीत बहुतेक सगळे आमच्यासारखे कोकणातून आलेले, त्यामुळे हे औषध कोणाला समजावून सांगावं लागत नसे. दुखणाऱ्याने आमच्या दारात बाहेर तोंड करून चौकट धरून उभं राहायचं. मी आतून यायचं आणि डाव्या पायाने तीनदा लाथ मारायची. त्याने मागे वळून बघायचं नाही, आभार मानायचे नाहीत, सरळ चालू पडायचं.

सहा-सात वर्षांची असल्यापासून मी हे काम केलं. शाळेचा गणवेश घातलेला, एका पायात मोजा, दुसरा पाय मोकळा, अशी मी मोठमोठ्या बाप्यांना लाथा मारल्यात. एरवी मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तर लगेच वाकून नमस्कार करायचा, ही घरची शिस्त. इथे मोठी माणसं स्वतःहून पाठ घेऊन यायची. मला ते भयंकर आवडायचं. खोटं कशाला बोलू?

बाबा मारायचे. दारू पीत नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण मारणाऱ्या बापाची गोष्ट निघाली की ऐकणारे आधी बाटली शोधतात आणि ती सापडली की त्यांना बरं वाटतं. बाबा जवळच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनवर होते. कामावर त्यांच्यासारखा शांत माणूस नाही, असं त्यांचे सोबती सांगायचे. घरी यायचे, चप्पल नीट भिंतीला लावून ठेवायचे, हातपाय धुवायचे आणि मग चहा गार आहे, आमटीत मीठ नाही, पोरगी उलट बोलते, यातलं काहीतरी सापडायचं. हात, पट्टा, पाय, जे जवळ असेल ते चालायचं. सगळ्यात जास्त आईला, त्याच्या खालोखाल मला, आणि माझ्याहून पाच वर्षांनी लहान असलेल्या भावाला जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं की ती सांगायची, नळावर घसरले. मोरीत पाय सरकला. फळी डोक्यावर पडली. टेकडीखालचा आमच्या चाळीचा नळ इतका घसरडा होता की तिथे आख्ख्या चाळीतून माझी आईच तेवढी पडायची. बायका मान हलवायच्या आणि हळद-तुरटीचा लेप कसा करायचा ते सांगायच्या. त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांच्याही घरी नळ होतेच.

मी अकरा-बारा वर्षांची असताना बाबांना उसण भरली. आदल्या संध्याकाळी त्यांनी आईच्या अंगावर चहा फेकला होता, कपासकट. सकाळी बादली उचलायला वाकले आणि तसेच राहिले. तोंडातून आवाज फुटेना. शेजाऱ्यांनी धरून त्यांना दारात उभं केलं. बाबांनी दोन्ही हातांनी चौकट धरली. समोर सगळी चाळ जमली, कारण बापाला लाथ मारणारी लेक बघायला कोणाला नको असतं?

आई मागून पुटपुटली, "हळू मार गो."

तिच्या मानेवर चहाचा लाल डाग होता. मी मागे मोरीपर्यंत गेले आणि तिथून धावत आले. पहिल्याच लाथेला बाबा चौकट सोडून उंबऱ्याबाहेर तोंडावर आपटले. दोन लाथा उरल्या होत्या, त्या मी बाहेर जाऊन मारल्या. सगळे "अगं, अगं" करत राहिले. बाबांचा ओठ फुटला होता. ते हळूच उठले, पाठ वाकवून बघितली, सरळ करून बघितली, आणि हसले. "पोरीच्या पायात दम आहे," असं सगळ्यांना सांगितलं आणि कामावर गेले. उसण खरोखर गेली होती. मी बापाला जीव खाऊन मारलं आणि माझी लाथ औषधात जमा झाली, याचा मला त्या दिवशी एवढा राग आला की दुपारी जेवले नाही. पश्चात्ताप मात्र तेव्हा झाला नाही आणि आजही नाही.

पुढे मी शाळेत पीटीची शिक्षिका झाले. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आवाज मैदानाच्या त्या टोकाला जाणारा. लग्न होऊन बोरिवलीला आले. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, बाबा वारले, आणि आई त्या टॉवरमध्ये भावाकडे राहिली. माझ्या हाडांबद्दल मला कधी शंकाच आली नाही. रोज मुलांबरोबर पळणारी बाई मी. हाडं असतात हेसुद्धा मला फक्त तक्त्यावर शिकवण्यापुरतं माहीत होतं.

चाळिशीत माझी पिशवी काढली, अंडाशयांसकट. पाळी गेली, कटकट गेली, म्हणून मी मैत्रिणींना पार्टी दिली होती. मग पन्नाशीच्या आत एकदा घरात प्लास्टिकच्या स्टुलावर चढून पंखा पुसत होते, तेव्हा स्टूल सरकलं. हातभर उंचीचं स्टूल. मी हात टेकला आणि मनगट मोडलं. आवाज मला ऐकू आला, सुकी काटकी मोडावी तसा.

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी कधी गेली?" मी म्हटलं, "मनगटाचा आणि पाळीचा काय संबंध?" त्या म्हणाल्या, "तोच तर आहे." एवढ्याशा पडण्याने मनगट मोडत नसतं, मोडलं तर हाडांची चौकशी करायला हवी, असं सांगून त्यांनी मला डेक्सा नावाच्या तपासणीला पाठवलं. नुसतं आडवं पडायचं, वरून मशीन फिरतं आणि हाड किती भरीव आहे ते मोजतं. माझं भरीव नव्हतं. पीटीच्या बाईंना ऑस्टिओपोरोसिस झाला होता.

मी त्यांच्याशी भांडले. मशीन बिघडलंय म्हटलं. त्यांनी शांतपणे समजावलं. हाड म्हणजे दगड नव्हे. ते आयुष्यभर झिजतं आणि पुन्हा बांधलं जातं. तिशीपर्यंत भरतं तेवढं भरतं, पुढे आहे ते सांभाळायचं. बायकांची पाळी थांबली की झीज वाढते, आणि माझी तर सुरीने आधीच थांबवलेली. आतली जाळी विरळ होत जाते. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही, ताप येत नाही. पहिली खूण म्हणजे मोडणं. मला आईचं घावन आठवलं. घावनाला जाळी पडली की ती खूश व्हायची. हाडालाही जाळी पडते, हे तिला कोण सांगणार होतं?

"लहानपणी दूध प्यायचात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्याकडे दूध भावाला. बाबांच्या चहात दूध, आमच्या चहात त्याचा रंग. सुरमई आणली की मधली तुकडी बाबांना, त्याच्या शेजारची भावाला, आम्हाला शेपूट आणि डोकं. नाचणीची भाकरी मात्र भरपूर असायची, आणि काट्यासकट चावून खायचे ते सुके मोदके, म्हणजे बारीक मासे; कारण पुरुषांना ते आवडत नसत. आम्हा बायकांच्या हाडांत जे काही होतं ते त्यांच्या नावडीमुळे होतं. मी तिथे खुर्चीत बसून मोठ्याने शिवी दिली. बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ऊन, चालणं, जिने. आणि मुख्य म्हणजे पडायचं नाही. तेव्हापासून मी घरात पायपुसणी ठेवत नाही आणि मोरीत रबराचा जाड तुकडा टाकलाय.

आईलाही तपासायला हवं, असं मी भावाला त्याच आठवड्यात सांगितलं. तिचं वय एकोणसत्तर, जन्मभर मिश्री लावलेली, म्हणजे तंबाखू, तीही हाडांची वैरीण. चाळीत ती निदान अंगणात तांदूळ निवडत उन्हात बसायची. आता दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि समोरची इमारत इतकी जवळ की त्यांच्या फोडणीला आपल्याकडे शिंक येते. भरदुपारी ट्यूबलाइट. मी एवढं सगळं सांगितल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्या टेस्ट-बिस्ट तुझ्याकडे ठेव ना. उगाच तिला पेशंट बनवू नको. ठणठणीत आहे ती." आई स्वतःही म्हणाली, "माका काय झाला नाय गो." मीही मग नेटाने मागे लागले नाही, आणि दोन वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "आईंना उसण भरलीय. तुम्ही येऊन लाथ मारून जाता का?" जणू गॅसवाल्याला सिलिंडर घेऊन ये म्हणावं.

मी बूट न काढताच आत शिरले तेव्हा आई पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. बॉक्स पलंगातल्या गोधड्या काढायला तिने एकटीने फळी उचलली होती. "काहीतरी कट झाला," ती म्हणाली. दुखणं कमरेच्या वर, अगदी मधोमध. श्वास घेतला की कळ, खोकला आला की डोळ्यांतून पाणी. ती उभी राहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाऊन जमिनीवर लोळतोय. हाच गाऊन मी तिला शिवून आणला होता तेव्हा घोट्यापर्यंत होता. गाऊन वाढत नसतो. मी तिच्या पाठीच्या मणक्यावरून हलकेच बोट फिरवलं. एका ठिकाणी बोट टेकलं आणि ती किंचाळली.

"ही उसण नाहीये," मी म्हटलं. "मणका मोडलाय. आत्ताच्या आत्ता एक्स-रे काढायचा."

"मणका असा घरात बसल्या बसल्या मोडतो होय?" भाऊ म्हणाला.

"ठिसूळ असला की शिंकेनेही मोडतो."

"ताई, नाटकं नको ना यार. एक लाथ मार, विषय संपव. नाही गेलं तर उद्या नेऊ डॉक्टरकडे."

"लाथ मारली तर उद्या ती चालत जाणार नाही. तिचे पाय जातील, कळतंय का तुला?"

त्याला कळत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे आईलाही कळत नव्हतं. ती भिंतीला धरून दाराकडे निघालीच होती. "मार गो," ती म्हणाली. "तुझ्या पायाक गुण आसा. सगळ्यांका बरा केलंस, माका नाय करूचस?" एवढ्या दुखण्यातही तिच्या आवाजात लेकीचा अभिमान होता, आणि त्यानेच माझा जीव कासावीस झाला. तिला धरून पलंगावर बसवायला गेले तर कळ सहन न होऊन तिने माझा हात झटकला.

भावाने फोन काढला. समोरच्या इमारतीत एक जिम चालवणारा राहतो, तोही पायाळू, हे मला तेव्हाच कळलं. पाच मिनिटांत तो हजर. दंड एवढाले, पोटऱ्या एवढाल्या, टी-शर्ट फुटायला आलेला. स्वभावाने मात्र गरीब. "काकी, टेन्शन नका घेऊ, हळूच मारतो," असं म्हणत त्याने चप्पल काढली. आई दाराच्या लोखंडी ग्रिलला धरून जिन्याकडे तोंड करून उभी राहिली. पाठीला पोक आलेलं, गाऊन पायात अडकतोय, मान खाली. लहानपणापासून चाळीतल्या दारात मी कितीतरी पाठी बघितल्या होत्या. मारून घ्यायला इतकी तयार पाठ मी दुसरी बघितली नाही.

"खबरदार पाय उचललास तर," मी म्हटलं.

"तू लक्ष नको देऊ रे," भाऊ त्याला म्हणाला. "तिला सगळ्यांत मोडतोडच दिसते."

मी दोघांच्या मध्ये शिरले. भावाने माझं मनगट धरलं, तेच मोडलेलं, आणि पिरगाळून मला बाजूला ओढलं. कळ खांद्यापर्यंत गेली. मी त्याच्या दंडाला चावले. दाताखाली शर्ट आला आणि शर्टाखाली मांस. तो ओरडला, पण मनगट सोडेना. तेवढ्यात जिमवाल्याने पाय उचललेला मला दिसला. मी विचार केला नाही. तो ज्या पायावर उभा होता त्याच्या नडगीवर मी डाव्या पायाने सगळ्या ताकदीनिशी लाथ घातली, पीटीच्या बुटासकट.

तो गडी चपलांच्या रॅकवर कोसळला. रॅक मोडला, चपला जिन्यावरून घरंगळत खाली गेल्या. शेजारची दारं उघडली. "अहो मॅडम, काय हे!" तो नडगी धरून कळवळत म्हणाला. भावाने मनगट सोडलं आणि हात वर उचलला. तसाच, अगदी तसाच, कोपर मागे नेऊन. त्याच्या मागे भिंतीवर बाबांचा फोटो होता, चंदनाचा हार आणि छोटा दिवा लावलेला. मी ग्रिल घट्ट धरलं. मार खाणं मला नवीन नव्हतं, पण पडणं मला परवडणारं नव्हतं.

"हात खाली घे मेल्या!"

आई वळली होती. दुखणाऱ्या पाठीने, ग्रिलला धरून, पाय घासत, ती आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती. तिचं डोकं आता भावाच्या छातीलाही पोचत नव्हतं. बाबांच्या समोर तिने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. भावानेही नसेल ऐकला, कारण त्याचा हात हवेतच राहिला आणि मग कोणाचा तरी दुसऱ्याचाच असल्यासारखा त्याने तो खाली आणला.

"चल गो," आई मला म्हणाली. "खंय नेतस ता ने."

आम्ही तिला त्या जिमवाल्याच्याच गाडीतून नेलं. त्याने लंगडत लंगडत मागची सीट सपाट करून दिली आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला तिची माफी मागत गाडी चालवली. मी त्याला सॉरी म्हटलं नाही. तो म्हणाला, "पायाळू आहात ना? समजलं." भाऊ पुढे बसला होता आणि दंड चोळत होता.

जवळच्या एका नर्सिंग होममध्ये हाडांचे डॉक्टर भेटले, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. एक्स-रेच्या टेबलावर आडवं करताना आई अशी ओरडली की बाहेर बसलेल्या भावाने कानांवर हात ठेवले. मला त्याची दया आली नाही. थोड्या वेळाने आईला चाकाच्या खुर्चीत बसवून डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि पडद्यावर फोटो दाखवला. मणके चौकोनी दिसायला हवेत. एक पुढून दबून पाचरीसारखा झाला होता, तो आजचा. त्याच्या वरचे दोन त्याआधीच कधीतरी बसले होते.

"आजी, हे दोन मोडले तेव्हा दुखलं नाही?"

"पाठ दुखायची," आई म्हणाली. डॉक्टरांसमोर ती नेहमी शुद्ध बोलते. "वयाचं दुखणं म्हटलं."

"सगळे तेच म्हणतात. उंची कमी होते, पोक येतं, तेही वयाचंच म्हणतात." त्यांनी आमच्याकडे बघितलं. "मालीश वगैरे काही केलं नाहीत ना?"

भावाने खाली बघितलं. मीच सांगितलं, लाथेचं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेनच्या टोकाने त्या दबलेल्या मणक्याची मागची कड दाखवली. ही कड अजून शाबूत आहे, म्हणाले. हिच्या मागेच मज्जारज्जू. मागून जोराचा दणका बसून इथला तुकडा आत सरकला असता, तर पाय गेले असते, लघवीवरचा ताबा गेला असता, आणि मग त्यांनाही काही करता आलं नसतं. भाऊ खुर्चीवर बसला. त्याला कोणी बसा म्हटलं नव्हतं.

पाय वाचले होते. एवढ्यासाठी मी दाताने आणि बुटाने भांडले होते, आणि ते मिळालं होतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. डॉक्टर पुढचं सांगत होते. पाठीला पट्टा, काही आठवडे आराम पण अंथरुणाला खिळून नाही, वाकून काही उचलायचं नाही. रक्ताच्या तपासण्या, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, आणि वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं हाडांचं औषध. मिश्री बंद. सकाळचं ऊन, गच्चीवर का होईना. गेलेली उंची परत येणार नाही, पण पुढचं मोडणं बरंचसं टाळता येईल. आई शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती.

मग त्यांनी फोटो मोठा केला आणि डाव्या बाजूला बोट ठेवलं. "या बरगड्याही मोडल्या होत्या आजी. तीन. वाकड्या जुळल्यात. हे खूप जुनं दिसतंय. कधी पडला होतात?"

"नळावर घसरली होती," भाऊ चटकन म्हणाला. "आम्ही लहान होतो तेव्हा."

मला तो दिवस माहीत होता. त्यालाही माहीत होता; तो ताटावरच बसला होता, माझ्या शेजारी. आईने त्या दिवशी सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात वाढली होती, कारण माझा वाढदिवस होता. बाबा उठले आणि ती ओणवी होऊन भात वाढत असतानाच त्यांनी तिच्या कुशीत लाथ घातली. मग दुसरी. मी ती तुकडी घाबरून तशीच गिळली, काट्यासकट. त्यानंतर कितीतरी दिवस आई कुशीवर वळत नव्हती, शिंक आली की तोंड दाबून धरायची, आणि पाण्याची कळशी दुसऱ्या कमरेवर घेऊन यायची. मी बोलायला तोंड उघडलं, पण आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"घसरले नव्हते," ती म्हणाली. "ह्याच्या बापाने लाथा मारल्या होत्या."

"आई, काय बोलतेस," भाऊ म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. डॉक्टरांनी फोटोकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि काहीतरी सांत्वन करायचं म्हणून म्हणाले, "होतं असं आजी. हाडं ठिसूळ असली की थोड्याशा मारानेही..."

"नाही डॉक्टर," आई म्हणाली. "तेव्हा मी तीस वर्षांची होते. दोन कळश्या डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन टेकडी चढायचे. तेव्हा माझी हाडं चांगली होती. तरी मोडली."